कुत्र्याचं खाणं: भाव किलोचा नाही, दिवसाचा बघा

या पावसाळ्यात आमच्या गल्लीत तीन घरांत पिल्लं आली, दोन देशी आणि एक लॅब म्हणजे लॅब्रॅडॉर, आणि तिन्ही घरच्यांनी मला एकच प्रश्न विचारला की ताई ह्याला घालायचं काय, आणि महिन्याला झेपेल असं काही आहे का. दारात उभं राहून पाच मिनिटांत सांगण्यासारखं हे नाहीये म्हणून सगळं एकदाच नीट लिहितेय. मी डॉक्टर नाही. आमची ठकी सहा वर्षांची, देशी, नसबंदी झालेली, पंधरा किलोची, आणि तिच्या आधीपासून आमच्या घरात कुत्री आहेत. वाचून, डॉक्टरांना विचारून आणि चुकून चुकून जे कळलं ते सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट. दुकानात गेलं की आपण किलोचा भाव विचारतो, कारण तांदूळ-डाळ आपण तशीच घेतो. कुत्र्याच्या खाण्यात किलोचा भाव फसवतो. एका पिशवीतल्या किलोत ताकद, म्हणजे कॅलरी, जास्त असते, दुसरीत कमी, मग स्वस्तातली पिशवी जास्त घालावी लागते आणि लवकर संपते. त्यामुळे विचारायचा प्रश्न हा की माझ्या कुत्र्याचा एक दिवस किती रुपयांत निघतो. त्यासाठी दोन आकडे लागतात, कुत्र्याला दिवसाला लागणाऱ्या कॅलरी आणि पिशवीतल्या शंभर ग्रॅममधल्या कॅलरी.

पहिला आकडा काढायला मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरतो. कुत्र्याचं वजन किलोमध्ये घ्या, त्याला त्याच वजनाने दोनदा गुणा, जे येईल त्याचं वर्गमूळ काढा, आलेल्या आकड्याचं परत वर्गमूळ काढा आणि त्याला ७० ने गुणा. ठकीचं बघा, १५ गुणिले १५ गुणिले १५ म्हणजे ३३७५, त्याचं वर्गमूळ ५८, परत वर्गमूळ ७.६, गुणिले ७० म्हणजे साधारण ५३३. ही नुसतं पडून राहायला लागणारी ताकद. नसबंदी झालेल्या, दोन वेळा फिरायला जाणाऱ्या मोठ्या, म्हणजे वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यासाठी याला १.६ ने गुणतात, म्हणजे ८५० कॅलरी झाल्या. फारच आळशी असेल तर १.४ ने. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला जवळपास ३ ने आणि त्यानंतर वाढ पूर्ण होईपर्यंत २ ने. आठ किलोच्या पॉमेरेनियनला म्हणून ५३० च्या आसपास लागतात आणि तीस किलोच्या लॅबला १२५० ते १४५०. हा आकडा म्हणजे सुरुवात, काळ्या दगडावरची रेघ नाही, प्रत्येक कुत्र्यागणिक वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे होतं, पण अंदाजपंचे घालण्यापेक्षा हजार पटीने बरं.

दुसरा आकडा पिशवीच्या मागे असतो. चांगल्या पिशवीवर कॅलरी छापलेल्या असतात, नसतील तर आपण काढायच्या. प्रोटीन, फॅट, फायबर आणि ओलावा हे टक्के छापलेले असतातच, राख म्हणजे अॅश छापली नसेल तर ८ धरा, ह्या सगळ्यांची बेरीज १०० मधून वजा केली की उरतं ते पीठमय, म्हणजे कार्ब. मग प्रोटीनला ३.५, फॅटला ८.५ आणि कार्बला परत ३.५ ने गुणून तिन्ही मिळवायचे. समजा एका पिशवीवर प्रोटीन २०, फॅट १०, फायबर ५, ओलावा १० लिहिलंय, तर कार्ब ४७ उरले आणि शंभर ग्रॅमला ३२० कॅलरी झाल्या. दुसरीवर प्रोटीन २४, फॅट १४, फायबर ४, ओलावा १०, तर कार्ब ४० आणि कॅलरी ३४३. आता ठकीला पहिलीतलं रोज २६५ ग्रॅम लागेल, दुसरीतलं २४८ ग्रॅम. पहिली समजा २२० रुपये किलो असेल तर दिवस ५८ रुपयांना पडला, आणि दुसरी २४० रुपये किलो असेल तर तिचाही दिवस साठाच्या आतच. किलोमागे वीस रुपये महाग दिसणारी पिशवी दिवसाला सव्वा रुपया महाग, आणि वर तिच्यात प्रोटीन जास्त. दुसरी जर ३०० रुपये असती तर मात्र दिवस ७४ रुपयांना गेला असता, मग विचार करायला पाहिजे. हे भाव मी गणितासाठी धरलेत, तुमच्या गावात काय चाललंय ते तुम्ही घाला.

ते ग्रेव्हीचे छोटे पाऊच पण याच गणितात घालून बघा एकदा. त्यात जवळपास ८० टक्के पाणी असतं, एका पाऊचमधून साठ-सत्तर कॅलरी मिळतात, म्हणजे ठकीचं पोट त्यावर भरायचं तर दिवसाला बारा ते चौदा पाऊच. बरं त्याच्यावर प्रोटीन ८ टक्के लिहिलेलं असतं आणि कोरड्यावर २२, म्हणून लोकांना वाटतं पाऊच हलका आहे, पण पाणी बाजूला काढून बघितलं तर पाऊचचं प्रोटीन कोरड्यापेक्षा जास्तच भरतं. वाईट नाहीये तो, पण पैसे पाण्याचे जातात. आजारी कुत्रं खात नसेल तेव्हा वरून थोडा घालायला ठीक, रोजचं जेवण म्हणून परवडणारं नाही.

आता पिशवीवरचं बाकीचं. पुढच्या बाजूला जे काही रंगीत लिहिलंय ते सोडून द्या, पिशवी उलटी करा. बघायचं काय तर आधी हे की ते पूर्ण आहार आहे का, म्हणजे कम्प्लीट अँड बॅलन्स्ड, आणि कोणत्या वयासाठी. काही पिशव्यांवर आणि बऱ्याच पाऊचवर कॉम्प्लिमेंटरी लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हे एकटं पुरत नाही. आफ्को हे नाव दिसेल, ती अमेरिकेतली संस्था आहे, ती प्रमाणं ठरवते पण कुठल्याही पिशवीला मान्यता देत नाही, त्यामुळे कोणी आफ्को अप्रूव्ह्ड म्हणाला तर ते चूक. त्यांच्या प्रमाणात मोठ्या कुत्र्याला पाणी वजा करून निदान १८ टक्के प्रोटीन आणि ५.५ टक्के फॅट लागतं, पिल्लांना २२.५ आणि ८.५. म्हणजे २० टक्के प्रोटीनची साधी पिशवी मोठ्या कुत्र्याला चालते. तीसच पाहिजे असं काही नाही. आपल्या देशी कुत्र्याला ३२ टक्के प्रोटीनची महागडी पिशवी आणून घालणारी घरं मी बघितलीत आणि कर्ज काढून घातल्यासारखी ती ओढाताण बघून मला वाईट वाटतं, कारण त्याची गरज नव्हती.

घटकांची यादी वजनाच्या क्रमाने असते पण ते वजन ओल्याचं धरतात, म्हणून पहिलं नाव ताज्या चिकनचं असलं तरी त्यातलं पाणी उडाल्यावर ते कितव्या नंबरवर जाईल सांगता येत नाही. चिकन मील दिसलं तर नाक मुरडू नका, ते वाळवून दळलेलं असतं आणि त्यात प्रोटीन भरपूर असतं. बाय-प्रॉडक्ट म्हणजे कलेजी, फुफ्फुस असलं काही, आपण नाही का कलेजी-पेटा आवडीने खात. आणि ते ग्रेन-फ्री. अमेरिकेतल्या अन्न-औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये चौकशी सुरू केली होती की धान्य काढून वाटाणा-मसूर भरलेल्या डॉगफूडचा आणि कुत्र्यांच्या हृदयाच्या एका आजाराचा संबंध आहे का, तो प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. ज्या कुत्र्याला गव्हा-मक्याची अॅलर्जी डॉक्टरांनी सांगितलेली नाही त्याच्यासाठी ग्रेन-फ्रीला जास्त पैसे देण्याचं मला काहीच कारण दिसत नाही.

यावरून आई नेहमी म्हणते ते आठवलं, की आमच्या वेळी कुत्री भाकरतुकड्यावर जगायची, आत्ताच कुठून आली ही पाकिटं. तिचं निम्मं बरोबर आहे. कुत्र्याला पीठमय पदार्थ पचतात, लांडग्यापेक्षा कितीतरी चांगले, २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की स्टार्च पचवणाऱ्या एन्झाइमच्या जीनच्या प्रती कुत्र्यांत लांडग्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतात, माणसाच्या उंबऱ्याशी राहून राहून झालेला हा बदल आहे. म्हणजे भाकरी, भात कुत्र्याला शत्रू नाहीत. पण आईच्या वेळची ती कुत्री मोकळी असायची, शेतात उंदीर-घुशी मारून खायची, कोणाच्या दारात माशाचं डोकं मिळायचं, आणि कितीतरी कुत्री पाच-सहा वर्षांत संपायची, त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही. आजचं बांधलेलं कुत्रं तेवढ्याच भाकरतुकड्यावर ठेवलं तर त्याला प्रोटीन कमी पडतं, कॅल्शियम तर जवळपास मिळतच नाही. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, आपल्याला उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं तसं कुत्र्याला पुरेसं मिळत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं.

दूध-पोळीचं पण तेच. मोठ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, पोट बिघडतं, दही किंवा पातळ ताक त्यापेक्षा बरं. आणि दूध-पोळीवर वाढवलेलं पिल्लू गुबगुबीत दिसतं म्हणून घरचे खूश असतात, पण पाय वाकडे व्हायला लागले की मग धावपळ.

तर मग घरचं घालायचंच नाही का? घालायचं की, पण मोजून. अमेरिकेतल्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या लोकांनी २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती रेसिपी तपासल्या, त्यातल्या ९५ टक्के रेसिपींमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी होता. म्हणून मी पूर्ण घरच्या खाण्यावर कुत्रं ठेवायला सांगत नाही, जोपर्यंत आहार ठरवून देणारा डॉक्टर मागे नाही. माझा मार्ग मधला आहे आणि सहा वर्षं तो ठकीला मानवलाय. सकाळी मोजून १३० ग्रॅम कोरडं डॉगफूड, पूर्ण आहार लिहिलेलं, मध्यम भावाचं. संध्याकाळी घरचं. अर्धा आहार पिशवीतला असला की झिंक, आयोडीन, ड जीवनसत्त्व असल्या बारीक गोष्टींची बरीचशी बाजू सांभाळली जाते आणि महिन्याला आठ किलोऐवजी चारच किलो विकत आणावं लागतं.

संध्याकाळचं साधारण असं. एक मध्यम ज्वारीची भाकरी, ती दोनशे-सव्वादोनशे कॅलरी होते, किंवा तेवढाच भात म्हणजे कोरडा तांदूळ साठ ग्रॅम. शंभर ग्रॅम चिकन, कच्चं मोजलेलं, हाडाशिवाय. लाल भोपळा, दुधी, गाजर, फरसबी यातलं जे असेल ते मूठभर शिजवून, एक चमचा तेल. चारशे कॅलरीच्या आसपास जातं हे. मीठ-मसाला नाही, हळद चालते. आठवड्यातून दोन-तीनदा चिकनऐवजी दोन अंडी, उकडलेली. दोनदा कलेजीचा छोटा तुकडा, वीस-पंचवीस ग्रॅम, जास्त नाही, कारण कलेजीत अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज वाटीभर घातली तर ते साठून त्रास होतो. कोकणातले किंवा मुंबईचे असाल तर तारली, बांगडा असले मासे स्वस्त असतात त्या दिवसांत शिजवून, मधला काटा काढून घाला, कातडीला आणि केसांना त्याचा फार फायदा होतो. खारवलेले सुके मासे मात्र नकोत, मीठ फार.

कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं टाकू नका. धुवायची, दहा मिनिटं उकळायची, वाळवून तव्यावर भाजायची आणि मिक्सरला अगदी पिठासारखी बारीक करायची, कणी राहता कामा नये. चहाच्या चमच्याने एक चमचा ही टरफलाची पावडर म्हणजे साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम. ठकीच्या अर्ध्या घरच्या आहाराला पाव चमचा पुरतो. फुकटातली गोष्ट आहे. किडनीचा किंवा मुतखड्याचा त्रास असलेल्या कुत्र्याला हे परस्पर सुरू करू नका.

चिकन स्वस्तात कसं, हा पुढचा प्रश्न. खाटकाकडे कुत्र्यासाठी म्हणून मागितलं की कातडी, मान, पंजे, पाठीचा सांगाडा असं मिळतं. त्यातली कातडी फार घालू नका, नुसती चरबी असते आणि जास्त चरबीने स्वादुपिंडाला सूज येते, फार दुखणारा आजार आहे तो. सांगाडा आणि माना कुकरला भरपूर शिट्ट्या देऊन शिजवायच्या, गार झाल्यावर हाताने मांस सोडवून घ्यायचं, रस्सा भाकरीवर, आणि हाडं मोजून कचऱ्यात. हो, मोजून. शिजलेलं हाड फुटलं की सुईसारखं टोकदार होतं आणि आतड्याला भोक पाडू शकतं. आखाडात घरोघरी मटण शिजतं आणि दुसऱ्या दिवशी सगळी हाडं कुत्र्यापुढे येतात, दरवर्षी त्या दिवसांत दवाखान्यात अडकलेल्या हाडांची कुत्री येतात असं आमचे डॉक्टर सांगतात. कच्चं हाड पण मी देत नाही, दात तुटतात आणि जंतूंचा प्रश्न वेगळाच. वजडी मिळत असेल तर ती स्वस्त आणि चांगली, नीट धुवून शिजवून घाला, वास सहन करायची तयारी पाहिजे फक्त.

आखाड संपला की श्रावण. ज्या घरात महिनाभर अंडं पण चालत नाही तिथे कुत्र्याचं काय? एका रात्रीत चिकनवरून वरणभातावर आणलं तर पोट बिघडतंच. आठवडाभर आधीपासून बदल सुरू करा. कुत्रं हे मांजरासारखं पक्कं मांसाहारी नाही, नीट जुळवलेल्या शाकाहारावर ते राहू शकतं. श्रावणात सगळ्यात सोपं म्हणजे पिशवीतल्याचं प्रमाण वाढवायचं, आणि घरच्या वेळेला सोयाबीनच्या वड्या उकडून, पिळून, बारीक करून. कोरड्या वड्यांत निम्मं वजन प्रोटीनचं असतं, ठकीला पंचवीस-तीस ग्रॅम कोरड्या वड्या एका वेळेला पुरतात. सोबत मुगाची खिचडी, दही, कधी पनीर. ज्यांच्याकडे बाराही महिने शाकाहारच आहे त्यांनी मात्र डॉक्टरकडून एकदा आहार ठरवून घ्याच, बी-१२ सारख्या गोष्टी अंदाजाने जुळत नाहीत.

जे घालायचं नाही ते मी सविस्तर लिहिते कारण इथे परवडण्याचा प्रश्नच नाही, जीव जातो. कांदा आणि लसूण, कच्चा, शिजवलेला, भाजीतला, पावडर, कसलाही, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि रोज थोडा थोडा पोटात गेला तरी परिणाम साठतो. म्हणजे आपली उरलेली आमटी, रस्सा, मिसळीचा कट हे कुत्र्याचं जेवण नाही, कितीही शिळं फुकट जात असलं तरी. द्राक्षं, मनुका, बेदाणे. आम्ही सांगलीचे, तासगावकडे घरोघरी बेदाणे, पोरं मुठी भरून खातात आणि एखादी मूठ कुत्र्याला. बंद करा. किडन्या निकामी होतात आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांनी यामागे टार्टरिक अॅसिड असावं असं मांडलं, आणि ते चिंचेतही असतं, म्हणून चिंचेचं काही नको. चॉकलेट. शुगर-फ्री च्युइंगगम आणि काही पीनट बटरमध्ये असणारं झायलिटॉल, त्याने रक्तातली साखर इतकी झपाट्याने उतरते की दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ मिळत नाही. चहा-कॉफी. मळून ठेवलेली आंबलेली कणीक. आंब्याची कोय आणि मक्याचं कणीस विष नाहीत पण आतड्यात अडकतात, मग ऑपरेशन. दिवाळीत फराळाचं ताट खाली ठेवू नका, चिवड्यात मनुके पण असतात आणि लसूण पण.

आणि ग्लुकोज बिस्किटं. प्रेमाने देतो आपण सगळेच, पण एक बिस्किट वीस-पंचवीस कॅलरीचं, साखर आणि मैदा, ठकीने दहा खाल्ली तर दिवसाच्या जेवणाचा चौथा हिस्सा झाला. वरचं खाणं दिवसाच्या दहा टक्क्यांत बसलं पाहिजे. गाजराचा तुकडा, काकडी, उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा द्या, शेपूट तितकीच हलते.

पिल्लांचं थोडं वेगळं. दोन ते तीन महिन्यांच्या पिल्लाला चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. पैसे वाचवायचे असतील तर ते पिल्लाच्या वयात वाचवू नका, वाढीच्या महिन्यांत पिल्लांसाठीचीच पिशवी घ्या, हवं तर गळ्यातला पट्टा, गादी, खेळणी सगळं स्वस्तातलं घ्या. लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन असं मोठं होणारं पिल्लू असेल तर लार्ज ब्रीड पपी लिहिलेलं बघा. आणि कॅल्शियमचं सिरप. जवळजवळ प्रत्येक पिल्लाबरोबर एक बाटली येते, दुकानदार देतो, शेजारी सांगतात. पिल्लाचं पूर्ण आहाराचं डॉगफूड चालू असेल तर त्यात कॅल्शियम पुरेसं असतं, वरून सिरप ओतलं तर मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकता येत नाही आणि हाडं-सांधे बिघडतात. ज्या भीतीने देतो तेच होतं. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं असेल तरच.

आता पावसाळा. हे मी अनुभवावरून सांगतेय. ठकी दोन वर्षांची असताना एका दुकानातून मी सुटं डॉगफूड आणायची, उघड्या पोत्यातून किलोवर, पिशवीपेक्षा बरंच स्वस्त पडायचं. जुलैमध्ये आणलेल्याला किंचित कुबट वास होता, मला वाटलं पावसाळी हवा आहे, घातलं. चार दिवसांनी उलट्या, खाणं बंद, रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे वाढलेले. डॉक्टरांनी सगळ्यात आधी ते खाणं थांबवायला सांगितलं. दोन आठवडे औषधं चालली आणि वर्षभरात सुट्यामध्ये जे वाचवलं होतं त्याच्या कितीतरी पट त्यात गेलं. तेव्हा ती अंगणात न उठता नुसती बघत बसायची ते मला अजून आठवतं. मका, शेंगदाण्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, ते लिव्हरवर जातं आणि शिजवून, भाजून ते निघत नाही. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत अशाच विषाच्या डॉगफूडमुळे कित्येक कुत्री मेली, तिथेही हे होतं. म्हणून सुटं घेऊ नका, तारीख आणि बॅच नंबर कळत नाही, पोतं कधी उघडलंय कळत नाही. बंद पिशवी आणा, पिशवीतच ठेवून तोंड घट्ट बांधून ती पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवा, नुसतं डब्यात ओतलं तर डब्याला जुनं तेल चिकटून खवट होतं. उघडल्यापासून महिना-सव्वा महिन्यात संपेल एवढीच पिशवी घ्या. बुरशी आलेली भाकरी-पाव पण कुत्र्याला नाही, गाईला पण नाही.

मोठी पिशवी किलोमागे स्वस्त पडते पण एका कुत्र्याला वीस किलो संपवायला अडीच-तीन महिने लागतात. आम्ही दोन-तीन घरं मिळून आणतो, आणली त्याच दिवशी वाटून घेतो, प्रत्येक जण पिशवीवरच्या तारखेचा आणि बॅचचा फोटो काढून ठेवतो. ऑनलाइन ऑफर दिसली तर ऑर्डर आल्यावर पहिल्यांदा संपायची तारीख बघा, फार स्वस्त असेल तर बऱ्याचदा दीड-दोन महिनेच राहिलेले असतात.

नवीन खाणं सुरू करताना एकदम बदलू नका. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवीन, मग निम्मं, मग पाऊण, आठ-दहा दिवसांत पूर्ण. त्यानंतर निदान दीड-दोन महिने तेच ठेवा, दर पंधरा दिवसांनी ब्रँड बदलणाऱ्यांना काय मानवतं ते कधीच कळत नाही. बघायचं काय तर शी. घट्ट, उचलता येईल अशी, आणि फार मोठी नाही. खाल्लेल्यातलं बरंचसं ढिगाने बाहेर पडत असेल तर ते पचत नाहीये, तुमचे पैसे तिकडे चाललेत. दोन महिन्यांनी केसांना चमक आहे का, अंग खाजवणं वाढलंय का. खाजवायला लागलं की लगेच चिकनची अॅलर्जी म्हणून महागडी पिशवी आणू नका, आधी पिसवा-गोचिड्या बघा, आपल्याकडे बहुतेक वेळा तेच असतं.

खाऊनही अंगी लागत नसेल तर जंत. मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी जंतांचं औषध, पिल्लांना डॉक्टर सांगतील तसं लवकर लवकर. खाण्यावर हजारो रुपये घालून शंभर रुपयांची गोळी चुकवण्यात अर्थ नाही. आणि डॉक्टर परवडत नाही म्हणून दुकानदाराला विचारणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, तिथे फक्त गाई-म्हशी बघतात असं नाही. मुंबईत परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आमच्या बाजूला शिरवळला आहे, नागपूर, परभणी, उदगीरला आहे, तिथे तपासणी खासगीपेक्षा कितीतरी कमी पैशांत होते. किडनी, लिव्हर, डायबेटिस, गाभण कुत्री, यांचा आहार कोणाचंही वाचून ठरवू नका, माझंही नाही.

शेवटचं आणि सगळ्यात स्वस्त. कमी घाला. आपल्याकडे पोटभर म्हणजे ताट भरून अशी सवय आहे आणि कुत्रं डोळे लावून बसलं की हात थांबत नाही. लॅबच्या बाबतीत तर २०१६ मध्ये केंब्रिजच्या लोकांना असं सापडलं की जवळपास चौथा हिस्सा लॅबमध्ये भुकेशी संबंधित एका जीनमध्येच बिघाड असतो, त्यांना पोट भरल्याचं नीट कळतच नाही, तो मागतोय म्हणजे उपाशी आहे असं नव्हे. अमेरिकेतल्या एका डॉगफूड कंपनीनेच ४८ लॅबवर त्यांच्या जन्मभर अभ्यास केला, निम्म्यांना त्यांच्या भावंडांपेक्षा २५ टक्के कमी खायला घातलं, २००२ मध्ये निकाल आला, कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले आणि जास्त खाणारे ११.२. जवळजवळ दोन वर्षं. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, तुमच्या नेहमीच्या वाटीत किती ग्रॅम बसतं ते एकदा मोजा आणि वाटीवर खूण करा. बरगड्यांवर हात फिरवून बघा, आपल्या पालथ्या हाताच्या हाडांवरून बोट फिरवल्यावर लागतं तसं लागलं तर बरोबर, तळहातासारखं मऊ लागलं तर जाड, मुठीच्या उंचवट्यांसारखं टोचलं तर बारीक.

आमच्याकडे दर महिन्याच्या एक तारखेला मी ठकीला उचलून काट्यावर उभी राहते, मग तिला खाली ठेवून एकटीचं वजन करते, वजाबाकी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या पानावर लिहिते. मे महिन्यात १५.४ झाली होती, पाहुणे आले होते घरी आणि सगळेच तिला काही ना काही भरवत होते. सकाळचे १३० चे ११५ ग्रॅम केले. या एक तारखेला १४.९.